न्यूक्लिअर मेडिसिनचं काम: सुईच्या आधी आणि सुईनंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भौतिकशास्त्रात पदवी झाली आहे, न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट व्हावं असं वाटतंय, पण ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द ऐकून घरचे घाबरलेत. वर कोणीतरी सांगितलंय की हे एक्स-रे काढण्यासारखंच काम, फक्त यंत्र महागडं. त्यात कितपत तथ्य आहे?

मी या कामात बावीस वर्षं आहे. आधी एक्स-रेचं घेते, कारण ते नीट समजलं की भीतीचं उत्तरही निम्मं मिळतं.

एक्स-रे किंवा सीटीमध्ये किरणं यंत्रातून निघतात आणि बटण सोडलं की थांबतात. आमचा गॅमा कॅमेरा काहीच सोडत नाही, तो नुसता बघतो. किरणं पेशंटच्या अंगातून येतात, कारण ती सोडणारं औषध आम्हीच थोड्या वेळापूर्वी त्याच्या शिरेत दिलेलं असतं. त्यांना बटण नाही. पेशंट बाहेर बाकावर बसला, लिफ्टमध्ये शिरला, स्वच्छतागृहात गेला, तरी ती चालूच. (हल्ली आमच्या यंत्रांना सीटी जोडलेलं असतं, तेवढा भाग एक्स-रेसारखा. पण तो जोडीदार झाला, मूळ काम हे.) यातून दोन गोष्टी निघतात. एक, चित्र चांगलं येणार की वाईट हे बहुतेक वेळा पेशंट कॅमेऱ्याखाली जाण्याआधीच ठरून गेलेलं असतं. दुसरी, पेशंटशी कसं वागायचं याचा सगळा क्रमच बदलतो. ती दुसरी गोष्ट मला कोणत्याही अभ्यासक्रमात कोणी शिकवली नाही. तिच्याकडे नंतर येते.

दिवस हॉट लॅबमध्ये, म्हणजे ही औषधं तयार करायच्या खोलीत, सुरू होतो. शिशाच्या विटांमागे जनरेटर असतो, त्याला जगभरचे टेक्नॉलॉजिस्ट लाडानं गाय म्हणतात, कारण रोज सकाळी ती दोहायची असते. आत मॉलिब्डेनम-९९ असतं, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे विघटन होऊन निम्मं उरायला लागणारा वेळ, ६६ तास. ते विघटित होत होत टेक्नेशियम-९९एम तयार होतं, त्याचं अर्धायुष्य ६ तास. वरून सलाइन सोडलं की खालच्या बाटलीत टेक्नेशियम उतरतं, मॉलिब्डेनम, आमच्या भाषेत मॉली, जनरेटरमधल्या स्तंभातच राहतं. एकदा दोहल्यावर साधारण २३ तासांनी ती पुन्हा पूर्ण भरते, म्हणून आमची वेळ सकाळची. टेक्नेशियम हे मूलद्रव्य निसर्गात नसल्यातच जमा. १९३७ साली इटलीतल्या पालेर्मोमध्ये पेरियर आणि सेग्रे या शास्त्रज्ञांना ते सापडलं, तेही सायक्लोट्रॉनमध्ये (कणांना वेग देणाऱ्या यंत्रात) वापरून झालेल्या मॉलिब्डेनमच्या एका पट्टीत. त्याची १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेची किरणं शरीरातून सहज बाहेर येतात आणि कॅमेऱ्याच्या स्फटिकात अडकतात. एखाद्यानं मापं देऊन बनवून घ्यावं इतकं ते या कामाला बेतलेलं आहे.

दोहल्यावर पहिली तपासणी मॉली गळतंय का याची. इथे नवी मुलं एक चूक हमखास करतात. मर्यादा आहे दर मेगाबेक्वेरेल टेक्नेशियममागे ०.१५ किलोबेक्वेरेल मॉली (बेक्वेरेल हे किरणोत्सर्गाचं एकक), आणि ती लागू होते पेशंटला डोस देताना, सकाळी मोजताना नाही. टेक्नेशियम सहा तासांत निम्मं होतं, मॉली मात्र तेवढ्यात जेमतेम सहा टक्के उतरतं. म्हणजे प्रमाण दिवसभर वाढतच जातं. सकाळी सातला ०.०५ आलं, ‘छान, एक तृतीयांशच आहे’ म्हणून वहीत टाकलं, तर संध्याकाळी सातला तेच प्रमाण ०.१७ च्या पुढे गेलेलं असतं. तुम्हाला भौतिकशास्त्र येतं, कागदावर मांडून बघा. हे गणित ज्याच्या डोक्यात सतत चालू असतं, तो या कामात रमतो.

मग किट. छोट्या बाटलीत कोरडी पावडर असते. हाडांसाठी वेगळी, मूत्रपिंडांसाठी वेगळी, हृदयासाठी वेगळी. जनरेटरमधून टेक्नेशियम ज्या रूपात निघतं ते परटेक्नेटेट त्या रेणूंना तसंच चिकटत नाही, आधी त्याचं क्षपण व्हावं लागतं, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळावे लागतात. ते काम पावडरीतलं स्टॅनस टिन करतं. आणि टिनचा वैरी म्हणजे हवा. बाटलीत नायट्रोजन भरलेला असतो तो यासाठीच.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हे मी चांगलंच शिकले. त्या दिवशी चार बोन स्कॅन होते आणि उशीर झाला होता. सिरिंजमधली हवा न काढता मी ती बाटलीत ढकलली, आणि शुद्धतेची चाचणी, म्हणजे कागदाच्या पट्टीवरची क्रोमॅटोग्राफी, पाच-दहा मिनिटांची गोष्ट, ‘आज राहू दे’ म्हणून सोडून दिली. तीन तासांनी पहिला पेशंट कॅमेऱ्याखाली आला. हाडं फिकट, आणि मध्येच जठर ठळक उमटलेलं. गळ्यात थायरॉइड, वर लाळग्रंथी. सुटं परटेक्नेटेट जिथे जिथे जातं ती सगळी ठिकाणं. दुसराही तसाच. तिसऱ्याला आत घ्यायच्या आधी मी डॉक्टरांकडे जाऊन काय केलं ते सांगितलं. आमच्या विभागप्रमुखांनी आवाज चढवला नाही. चौघांनाही पुन्हा यायला का लागणार आहे हे मीच, खरं कारण सांगून, समजावायचं, एवढंच ते म्हणाले. एक बाई दोन गाड्या बदलून आल्या होत्या. त्यांना पुन्हा सुई, पुन्हा तेवढाच डोस, आणि पहिल्या डोसाचा फायदा शून्य. तेव्हापासून पट्टी चुकवलेली नाही. कॅमेरा त्या दिवशी अगदी उत्तम चालू होता, हे मुद्दाम सांगते.

पेट स्कॅनमध्ये, म्हणजे गाठ साखर किती शोषते ते दाखवणाऱ्या तपासणीत, तर घड्याळच मालक. तिथे वापरतात त्या फ्लोरीन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं. पेशंट तासभर उशिरा आला तर त्याच्या नावाच्या डोसातला जवळजवळ तिसरा हिस्सा उडून गेलेला असतो, आणि तो कुठून परत आणता येत नाही. डोस मोजायच्या उपकरणाचं घड्याळ आणि स्कॅनरचं घड्याळ जुळलेलं हवं. दर मिनिटाला ०.६ टक्क्यांहून थोडं जास्त विघटन होतं. घड्याळांत दहा मिनिटांचा फरक राहिला तर गाठीनं साखर किती शोषली याचा आकडा सहा टक्क्यांनी चुकतो. दोन स्कॅनमध्ये गाठ वाढली की कमी झाली हे त्या आकड्यावरही ठरवतात. म्हणून सोमवारी सकाळी माझं पहिलं काम सगळी घड्याळं बघणं. सहकारी हसतात. हसू देत.

हे फ्लोरीन ज्या औषधातून देतात ते एफडीजी म्हणजे मुळात साखरेची नक्कल, त्यामुळे पेशंटची तयारी हाही चित्राचाच भाग. चार ते सहा तास उपाशी, रक्तातली साखर तपासलेली, आदल्या दिवशी व्यायाम नाही. सुई दिल्यावर तासभर गप्प पडून राहायचं. बोलत राहिलात तर घशाचे स्नायू उजळतात, थंडी वाजली तर मानेतली आणि खांद्यांवरची तपकिरी चरबी उजळते आणि लिम्फ नोडसारखी फसवते. आम्ही पांघरूण देतो ते नुसत्या आदरातिथ्यासाठी नसतं. हृदयाच्या काही तपासण्यांना आधी चहा-कॉफी बंद असते, कारण रक्तवाहिन्या फुलवायला दिलेल्या औषधाला कॅफीन आडवं येतं. ‘अर्धा कपच घेतला’ हे वाक्य तुम्ही आठवड्यातून एकदा तरी ऐकाल. रागावू नका. नाही तर पुढचा पेशंट घेतलेला कपही लपवेल.

आता ती दुसरी गोष्ट.

नवी होते तेव्हा मी पेशंटला आत बोलवायची, नाव विचारायची, शीर शोधायची, डोस द्यायची, आणि मग निवांत पुढचं सगळं समजवायची. पाणी किती प्यायचं, किती वेळ थांबायचं, स्वच्छतागृह कुठे. एकदा एका वयस्कर बाईंनी सुईनंतर माझा हात धरला आणि विचारलं, ‘हे अंगात राहणार का गं?’ मी बसले. वीसेक मिनिटं बसले. माणूस म्हणून बरोबरच केलं. पण त्या महिन्याचा माझा बॅज, म्हणजे अंगाला मिळालेली किरणं मोजणारा बिल्ला, इतरांपेक्षा वर आला, आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्यांनी मला गणित घालून दिलं. पेटसाठी ३७० मेगाबेक्वेरेल दिलेल्या पेशंटपासून एक मीटरवर सुरुवातीला ताशी सुमारे ३० मायक्रोसिव्हर्ट मिळतात (सिव्हर्ट हे अंगाला मिळालेल्या किरणांचं एकक). पाच मिनिटं जास्त थांबलं तर अडीच. दिवसाला दहा पेशंट आणि वर्षाला २२० दिवस धरले तर साडेपाच मिलिसिव्हर्ट, फक्त त्या पाच मिनिटांचे. अर्ध्या मीटरवर, म्हणजे हात धरायच्या अंतरावर, ढोबळमानानं त्याच्या चौपटीपर्यंत.

ते म्हणाले, ‘बसू नका असं म्हणत नाही. आधी बसा.’

मला हे काम खऱ्या अर्थानं तेव्हा कळलं. सगळं बोलणं, सगळी भीती, सगळे कागद, आधीचे रिपोर्ट, शस्त्रक्रियेची तारीख, गरोदरपणाचा प्रश्न, हे सगळं सुईच्या आधी. कॅन्युला, म्हणजे शिरेतली बारीक नळी, आधी लावून सलाइननं तपासून घ्यायची. पाण्याची बाटली हातात, स्वच्छतागृहाचा रस्ता दाखवलेला. आता मी पेशंटजवळ पंधरा-पंधरा मिनिटं बसते आणि सांगते, ‘जे विचारायचं ते आत्ता विचारा, डोस दिला की मी दाराजवळून बोलणार आहे, आणि ते तुमच्यावर रागावून नसेल.’ लोक हसतात आणि खरोखर विचारून घेतात. मग डोस, मग दोन पावलं मागे. सुईनंतर कोणाला चक्कर आली तर अर्थातच धावत जायचं, तिथे मिनिटं मोजायची नसतात. हा क्रम ज्यांना जमत नाही ते एकतर पेशंटला तोडून वागायला लागतात किंवा स्वतःला मिळणाऱ्या किरणांचा डोस वाढवून घेतात. मी दोन्ही प्रकारचे पाहिलेत.

घरच्यांना दाखवायला आकडे देते. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाची कर्मचाऱ्यांसाठीची शिफारस वर्षाला २० मिलिसिव्हर्टची आहे, पाच वर्षांच्या सरासरीवर, आणि कोणत्याही एका वर्षात ५० च्या वर नाही. हातांसाठी ५००. नुसतं पृथ्वीवर राहिल्यानं माणसाला सरासरी वर्षाला २.४ मिळतात. नीट चालवलेल्या विभागात टेक्नॉलॉजिस्टच्या छातीवरच्या बॅजची नोंद वर्षाला काही मिलिसिव्हर्टच्या घरात असते, पेटमध्ये थोडी जास्त. म्हणजे शून्य नाही, आणि घरचे समजतात तसंही नाही. गरोदरपणात काम थांबतंच असं नाही. कळवल्यापासून उरलेल्या काळात बाळाला १ मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ नये, अशी कामाची फेररचना करतात. मी स्वतः त्या महिन्यांत हॉट लॅब आणि पेट सोडून नोंदी, गुणवत्ता चाचण्या आणि वेळापत्रक सांभाळलं.

खरी काळजी घ्यायची ती बोटांची. बॅज छातीवर असतो, सिरिंज बोटांत. म्हणून अंगठीतला डोसमापक, हातमोज्याच्या आत, तळव्याकडे तोंड करून. तरी बोटाच्या टोकाला अंगठीपेक्षा कितीतरी जास्त मिळतं, कारण टोकच स्रोताला चिकटलेलं असतं. सिरिंजला टंगस्टनचं कवच घालायचंच. त्यानं हात जड होतो, शीर दिसत नाही, असं नवी मुलं कुरकुरतात. शिरा कवचासकट शोधायची सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्या, नंतर लागत नाही. शिशाच्या एप्रनबद्दल मात्र लोकांचा भलताच विश्वास असतो. टेक्नेशियमची किरणं निम्मी करायला ०.३ मिलिमीटरच्या आसपास शिसं पुरतं, तिथे अर्ध्या मिलिमीटरच्या एप्रनचा उपयोग आहे. पेटच्या ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला निम्म्यावर आणायला चार-पाच मिलिमीटर लागतं. तिथे एप्रन म्हणजे पाठदुखीची सोय.

सांडलं तर? सांडतंच कधीतरी. शोषक कागद टाका, कडेने खूण करा, बाहेरून आत पुसत या, मीटर फिरवा. टेक्नेशियम असेल आणि जागा बंद करता येत असेल तर झाकून ठेवून कुलूप लावलं तरी चालतं. साठ तासांत, म्हणजे दहा अर्धायुष्यांत, हजारावा हिस्सा उरतो.

कॅमेऱ्याखालची कारागिरी अगदीच नाही असं नका समजू. बोन स्कॅनमध्ये जांघेच्या हाडाजवळ ठळक ठिपका दिसला की आधी विचारायचं, लघवीचा थेंब कपड्यावर तर नाही? औषध मूत्रावाटेच बाहेर पडतं. कपडा बदला, त्वचा पुसा, दुसऱ्या कोनातून पुन्हा घ्या. ठिपका गेला तर एका माणसाच्या रिपोर्टमधला कर्करोगाचा संशय तुम्ही वाचवलात. कोपराजवळ उजळलं तर सुई शिरेबाहेर गेली होती का ते बघा, आणि तसं नोंदीत लिहा, लपवू नका. ज्या बाजूला आजार आहे त्याच हातात डोस देऊ नका, नाही तर नंतर सांगता येत नाही की दिसतंय ते आजाराचं की सुईचं. फुप्फुसाच्या तपासणीत सिरिंजमध्ये रक्त ओढू नका, गुठळी बनते आणि फुप्फुसात खोटे उजळ ठिपके पेरले जातात. अशा गोष्टी पुस्तकात एका ओळीत असतात आणि हातात यायला वर्षं जातात.

आणि एक अवघड भाग. पडद्यावर ठिपके साचत जातात तसं सगळ्यात आधी तुम्हाला दिसतं. कण्यात, बरगड्यांत, मांडीच्या हाडात. पेशंट त्याच वेळी तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतो. निदान सांगणं आपलं काम नाही, आणि आपण जे समजतो ते चुकीचंही असू शकतं. जुना अस्थिभंगही तसाच उजळतो. पण ‘ठीक आहे ना सगळं?’ या प्रश्नाला ‘डॉक्टर बघून सांगतील’ एवढंच उत्तर रोज, प्रत्येकाला, एकाच आवाजात देणं जमायला हवं. एकाला हसून आणि एकाला खाली बघून दिलं, तर सांगून टाकल्यासारखंच. मी स्कॅन सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवते की चित्रं पूर्ण झाल्याशिवाय मी काहीच बोलत नाही, चांगलंही नाही. म्हणजे हेही सुईच्या आधीच्या यादीत आलं.

उपचारांचा भाग वाढतो आहे. थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन तर १९४१ पासून वापरात आहे. आता ल्युटेशियम-१७७ नं न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या) आणि प्रोस्टेटच्या गाठींवर उपचार होतात. इथे डोस जास्त, आणि चूक मागे घेता येत नाही. आयोडीनची कॅप्सूल गिळली की गिळली. नाव, जन्मतारीख, लिहून दिलेली मात्रा, गर्भचाचणी, दूध पाजणं थांबवलंय का, हे दोघांनी मोठ्यानं वाचून तपासायचं. ज्याला असं मोठ्यानं वाचायची लाज वाटते त्यानं उपचारांच्या खोलीत काम करू नये, असं माझं स्पष्ट मत.

न आवडणाऱ्या गोष्टीही सांगते. शिसं उचलून पाठ दुखते. सकाळ फार लवकर होते. आणि तुमचा कच्चा माल मोजक्या, म्हाताऱ्या अणुभट्ट्यांवर अवलंबून असतो. मे २००९ मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची भट्टी बंद पडली ती पंधरा महिने, त्यातच नेदरलँड्समधली पेटनची भट्टी दुरुस्तीला गेली, आणि जगभर मॉलीचा दुष्काळ पडला. तेव्हा आम्ही कमी डोस देऊन दुप्पट वेळ चित्रं घेतली, रविवारी कामं केली, आणि तपासण्या पुढे ढकलायचे निरोप मोजायचं सोडून दिलं.

भौतिकशास्त्र असल्याचा तुम्हाला फायदा आहे, अर्धायुष्य आणि वर्गव्यस्त नियम (अंतर दुप्पट तर किरणं चौथाई) नव्यानं शिकावा लागणार नाही. कमी पडेल ते शरीरशास्त्र आणि शिरेत सुई घालण्याचा हात. प्रवेश घेण्याआधी परवानगी काढून एखाद्या विभागात एक सकाळ उभे राहा, गाय दोहण्यापासून पहिला पेशंट टेबलावरून उतरेपर्यंत. टेक्नॉलॉजिस्ट पेशंटशी कधी बोलतो तेवढं टिपा, सुईच्या आधी की नंतर. पुढे नोकरीच्या मुलाखतीला गेलात तर पगाराआधी विचारा की अंगठीच्या नोंदी कर्मचाऱ्यांना दर महिन्याला दाखवतात का, आणि डोस भरणं आणि टोचणं आलटूनपालटून करतात की एकाच्याच गळ्यात असतं. घरच्यांना शंका उरलीच तर त्यांनाही त्या विभागात घेऊन जा. बहुतेक सुरक्षा अधिकाऱ्यांना मीटर फिरवून दाखवायला आवडतं.